अकराव्या खांबापाशी

कारखान्यात तिला सगळे ग्राफबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं चिकटलं होतं की गेटवरचा पहारेकरीसुद्धा फोनवर "ग्राफबाई आल्या" असंच आत कळवायचा. तिलाही त्याचं काही वाटत नसे. हातात कायम लॅपटॉप, पडद्यावर कायम वळणावळणाच्या रेघा. दुसरं काय म्हणणार लोक?

तिचं काम म्हणजे यंत्रांच्या नकला करणं. भट्टीला, पंपाला, माल वाहणाऱ्या पट्ट्याला मापक लावायचे, ते दर क्षणाला काय सांगतात ते नोंदून घ्यायचं आणि मग गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब तसंच वागणारं एक मॉडेल उभं करायचं. खऱ्या यंत्राची रेघ निळी, मॉडेलची लाल. दोन्ही एकमेकींवर बसल्या की काम फत्ते. मग त्या यंत्राला ताब्यात ठेवणारा कंट्रोलर आधी नकलेवर चालवून बघायचा आणि नंतर खऱ्यावर.

लग्नानंतर सासूबाईंना तिनं हे समजावून सांगितलं होतं. त्या भाजी निवडत ऐकत होत्या.

"म्हणजे यंत्र पुढे कसं वागेल ते तुला आधीच कळतं?"

"बऱ्यापैकी."

"मग माझ्या मुलाचं एक कर बाई. जन्मापासून बघतेय, मला काही अंदाज येत नाही."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलंच.

तिचा एकच हट्ट होता. निळ्या आणि लाल रेघेत जो फरक उरे, त्याला ती बाकी म्हणे. ही बाकी जोवर नुसती खरखर असे तोवर ठीक. पण तिच्यात काही आकार दिसला की ग्राफबाईंचं जेवणावरून लक्ष उडायचं. आकार आहे म्हणजे कारण आहे, आणि ते सापडलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं.

तीन नंबरच्या शेडमधली क्रेन संगणकावर चालवायची असं ठरलं, तेव्हा ते काम साहजिकच तिच्याकडे आलं. शेड लांबलचक, दोन्ही बाजूंना लोखंडी खांब, छताखाली रुळांवरून धावणारी क्रेन आणि तिच्या पोटाला लटकलेली काचेची कॅबिन. कॅबिनमधला ऑपरेटर पत्र्याची जडशीळ भेंडोळी उचलून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचा. भेंडोळं झुलू न देता नेणं, सगळं कसब त्यात.

कंट्रोलरनं क्रेन माणसासारखीच चालवावी म्हणून तिनं आधी ऑपरेटरांच्या हातांची मॉडेलं करायला घेतली. झोका सुरू झाला की हात किती वेळानं हलतो, क्रेन चालवायची दांडी किती जोरानं मागे येते, हे प्रत्येकाचं वेगळं असतं, अगदी सहीसारखं. एक उतावळा, एक घाबरट, आणि एक जाड्या. हा जाड्या कॅबिनच्या खुर्चीत जेमतेम मावायचा, पण त्याचा हात लोण्यासारखा मऊ चालायचा.

हात वेगवेगळे निघाले, पण उरलेली बाकी मात्र सगळ्यांची सारखीच निघाली. अकराव्या खांबापाशी प्रत्येकाची निळी रेघ खाली बुडी मारायची. तिथे प्रत्येक जण क्रेन हळू करत होता, आणि तो खांब ओलांडला की पुन्हा वेग घेत होता.

रुळात सांधा असेल म्हणून तिनं फिटरला वर चढवलं. रूळ आरशासारखा निघाला. तारा, चाकं, मोटर, सगळं तपासून झालं. शेवटी तिनं जाड्याला गाठलं.

"अकराव्या खांबापाशी हळू का करता हो तुम्ही?"

"मी? मी कुठे हळू करतो?"

तिनं लॅपटॉप त्याच्यापुढे धरला. तो आधी हसला. "बाई, ही दुसऱ्या कुणाची रेघ असेल. माझ्या नावावर खपवू नका." मग म्हणाला, "उद्या बघाच. मुद्दाम सरळ नेतो."

दुसऱ्या दिवशी तो कॅबिनमधून उतरला तो अंगठा वर करूनच. "बघा! झुर्रकन नेली."

तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. रेघेनं त्याच जागी बुडी मारलेली होती. जाड्या बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला, जणू तो कुणाकडून उसना आणला होता.

"तुम्हाला क्रेन शिकवली कुणी?" तिनं विचारलं.

"क्रेनकाकांनी. आम्हा सगळ्यांना त्यांनीच. रिटायर होऊन जमाना झाला त्यांना."

रविवारी दुपारी ती क्रेनकाकांकडे गेली. जिना चढून वरच्या मजल्यावर एक स्वच्छ खोली, खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीत वाळून काटकी झालेले काका. बोलताना त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर पुढेमागे, पुढेमागे होत होता. अकरावा खांब म्हटल्याबरोबर तो थांबला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही काका. आलेखात दिसलं."

त्यांनी मान हलवली, जशी काही ही गोष्ट एक ना एक दिवस आलेखात दिसणारच होती.

"खाली साखळी लावणारा एक होता," ते म्हणाले. "साखळीवालाच म्हणायचो त्याला. हसरा पोरगा. एकदा भेंडोळं वर असताना साखळीची कडी तुटली. तो अकराव्या खांबापाशी उभा होता. चौकशी झाली, कडीतच खोट निघाली, कुणाला बोल लागला नाही. पण मी वरून बघत होतो ना. शेवटच्या क्षणी त्यानं वर बघितलं आणि हात वर केला. थांब म्हणत होता की काय म्हणत होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही."

"म्हणून तुम्ही तिथे हळू करायला लागलात."

"म्हणून नाही," काका शांतपणे म्हणाले. "तो तिथे असतो म्हणून. वर बघतो, हात वर करतो. मी हळू केलं की बाजूला होतो. मग मी जातो."

खोलीत ऊन होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि तरीही ग्राफबाईंच्या मानेवर काटा उभा राहिला.

"तुम्ही हे बाकीच्यांना शिकवलंत?"

"छे! असलं कुणाला सांगणार? शिकवताना त्यांच्या हातावर माझा हात असायचा, एवढंच. हातांचं आपापसांत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही."

घरी आल्यावर तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग हळू जा ना तिथे. तुझं काय जातं?"

पण मोठ्या साहेबांचं जात होतं. त्यांनी आलेखावर पेन टेकवलं. "तिथे काही अडथळा आहे?"

"नाही साहेब."

"मग ही बुडी काढून टाका. ऑपरेटरांच्या खोडी यंत्राला कशाला?"

तिनं काढून टाकली. तिला तरी दुसरं काय सुचणार होतं? पडद्यावर नक्कल या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरळीत गेली.

चाचणीच्या सकाळी शेड रिकामी केली होती. सगळे जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभे. कॅबिन रिकामी, आणि क्रेन आपली आपण निघाली. भेंडोळं नेहमीच्या उंचीवरून, माणसाच्या डोक्याच्या वर वीतभर अंतरानं सरकत आलं आणि अकरावा खांब तसाच वेगात ओलांडून गेलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, दोन शब्द बोलले आणि निघून गेले.

ग्राफबाई पडद्यापाशी खिळून राहिल्या होत्या. वेगाची रेघ सरळ होती. पण भेंडोळ्याच्या दोराच्या कोनाच्या बाकीत अकराव्या खांबापाशी सुईसारखा वर आलेला एक टोचा होता. लहानसा, भेंडोळं जाता जाता कशाला तरी घासल्यासारखा. तिनं मॉडेलमध्ये वारा घातला, दोराचा ताण घातला, मोटरीचा हिसका घातला. टोचा जागचा हलला नाही. पुन्हा फेरी केली. पुन्हा तिथेच.

दुपारी तिनं जाड्याला थांबवून घेतलं. तो क्रेन थांबवायच्या लाल बटणावर हात ठेवून तिच्या शेजारी उभा राहिला. प्रत्येक फेरीला ती भेंडोळं थोडं थोडं वर घेत गेली. टोचा बारीक होत गेला, आणि एका उंचीनंतर नाहीसाच झाला. खाली आणलं की परत यायचा. भेंडोळ्याचा तळ ज्या उंचीला असताना तो नाहीसा झाला तिथे तिनं खांबावर खडूनं रेघ मारली.

जाड्या त्या रेघेकडे बघत होता. मग तो खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं उजवा हात सरळ वर केला. त्याच्या बोटांची टोकं बरोबर रेघेवर टेकली.

"खाली घ्या तो हात," ग्राफबाई ओरडल्या. आपला आवाज एवढा चढेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

तिनं तिथल्या तिथे बुडी परत घातली. क्रेन अकराव्या खांबापाशी आली, हळू झाली, क्षणभर रेंगाळली आणि पुढे गेली. टोचा आला नाही.

अहवालात तिनं एवढंच लिहिलं की त्या जागी भार हेलकावतो, म्हणून वेग कमी ठेवला आहे. साहेब कुरकुरले, पण हेलकावा आलेखात दिसत होता, म्हणून त्यांनी सही केली.

ती क्रेनकाकांना सांगायला गेली. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"प्रत्येक फेरीला हळू होते? न चुकता?"

"न चुकता. यंत्र आहे काका, विसरणार नाही."

काकांनी डोळे मिटले. त्या दिवशी ती तिथे बराच वेळ बसली होती, आणि त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर निवांत पडून होता.

थंडी ओसरता ओसरता काका गेले. बातमी जाड्यानं आणली. दोघांच्याही मनात एकच प्रश्न होता. त्याच आठवड्यात शेड दुरुस्तीसाठी बंद होती. तिनं बुडी काढली, भेंडोळं नेहमीच्या उंचीवर घेतलं आणि क्रेन भरवेगात सोडली.

काहीच झालं नाही. फरकाची रेघ सपाट. आणखी एक फेरी, आणखी एक. हळू, जोरात, खाली, वर. नुसती खरखर, तिला नेहमी हवी असायची तशी.

"गेला वाटतं," जाड्या हलकेच म्हणाला. "काकांबरोबर."

"वाटतं."

"मग आता बरं वाटायला पाहिजे, नाही का बाई?"

"हो," ती म्हणाली.

पण दोघंही जागचे उठले नाहीत. एवढ्या मोठ्या शेडमध्ये आता आपण दोघंच आहोत, ही जाणीव तिला तेव्हा पहिल्यांदा झाली आणि तिला थंडी वाजू लागली.

क्रेन आता सरळ धावते. ग्राफबाईंनी त्यानंतर आणखी कितीतरी यंत्रं जुळवली. तीन नंबरच्या शेडमध्ये मात्र काम निघालं की ती जाड्याला बरोबर घेते, आणि तोही कारण न विचारता येतो.