थ्रॉटलला बांधलेली तार

मी आज जो काही आहे तो पांढुर्ण्याच्या एका मिस्त्रींमुळे आहे. ते संत्र्याच्या बागांचे फवारणी पंप दुरुस्त करतात. नात्याने आमचे कोणी नाहीत. मी त्यांना काका म्हणतो. शाळेत असल्यापासून त्यांच्या दुकानात पाने-पकडी पुसायचो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बारावीनंतर मी त्यांच्याच दुकानात कायमचा बसणार होतो, तर त्यांनी मला हाकललं. "पाने पुसाले मले कोणीबी भेटते. तू शिकाले जाय." कॉलेजच्या प्रवेशासाठी छिंदवाड्याला माझ्यासोबत तेच आले. वडील ऑफिसच्या दारात बिचकायचे, म्हणून रांगेत काका उभे राहिले. मी पदवीधर झालो. आता सौसरला एका प्रशिक्षण संस्थेत इंजिनदुरुस्ती शिकवतो.

हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल चांगलं फार नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका मासेमार सोसायटीचे अध्यक्ष संस्थेत आले. त्यांच्या तलावावर एक जुनी मोटरबोट आहे, मागे टांगलेल्या इंजिनाची. काठावरून निघताना बोट चालवणाऱ्याने गिअर टाकला आणि बोटीने एकदम उडी घेतली. मासळीचे क्रेट धरून उभी असलेली एक बाई दगडी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आदळली. तिचा हात दोन ठिकाणी मोडला. बोटवाला म्हणे, मी रेस दिलीच नाही. सोसायटी म्हणे, तो प्यायलेला होता. त्याला घरी बसवलं होतं आणि माझा अहवाल आला की कायमचा काढणार होते.

"फक्त लिहून द्या जी सर, मशीन ठीक आहे म्हणून," अध्यक्ष म्हणाले. "पाहाले यायचीबी गरज नाई."

मी गेलो. बोटवाला पाळीवर एकटाच बसला होता. जवळ आला नाही.

इंजिनाचं झाकण काढलं आणि मला शिसारी आली. जुनं पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीतून बाहेर झिरपून, आटून डिंकासारखं झालं होतं. त्याचा वास घशात बसतो, दिवसभर जात नाही. त्या डिंकात मुंग्या चिकटून मेल्या होत्या. ग्रीसमध्ये माशांचे खवले रुतलेले. आणि या सगळ्यावरून कोणीतरी चंदेरी रंगाचा हात मारला होता, पाहुण्यांना दिसायला बरं म्हणून. स्क्रू, स्प्रिंगा, घाण, खवले, सगळं चंदेरी.

या इंजिनाची मूठ फिरवली की एक दांडी सरकते, दांडी एक वाकडी पट्टी ढकलते, त्या पट्टीने कार्बोरेटरची झडप उघडते. मूठ परत फिरवली की स्प्रिंग झडप मिटवते आणि इंजिन हळू होतं. हळू झाल्यावरच गिअर टाकायचा असतो. इथे झडपेच्या आकड्याला जाड तार गुंडाळून ती पुढे ओढून बांधली होती. मूठ पूर्ण बंद केली तरी झडप तिसरा हिस्सा उघडी. बोटवाल्याने रेस दिली नव्हती. रेस आधीच दिलेली होती.

"ही तार कोणी बांधली?"

अध्यक्ष हसले. "तुमच्याच वस्तादानं जी, पांढुर्ण्याच्या मिस्त्रीनं! दिवाळीच्या आधी बलावलं होतं त्याईले. तवापासून एकदाबी बंद नाई पडलं मशीन."

पाळीवरून बोटवाला पहिल्यांदा बोलला. "मी सांगतलं होतं तुमाले. गिअर टाकला का कुदते. तं तुमीच मले म्हणलं, जपून टाकत जाय."

"तू चूप बस. सर पाहून राह्यले ना."

मी कार्बोरेटर उतरवला. हळू चालताना ज्यातून पेट्रोल येतं तो बारीक भोकाचा जेट डिंकाने पूर्ण बुजलेला होता, म्हणून इंजिन हळू केलं की मरायचं. जेट भिजत घातला, हवा मारून मोकळा केला. पेट्रोल कमीजास्त करणारी सुई हलक्या हाताने बसेपर्यंत आवळली आणि दीड फेरा उघडली. तार कापून फेकली. पट्टीवरचा रंग खरवडला तेव्हा खाली खूण सापडली. मूठ फिरायला लागते त्याच क्षणी झडप हलली पाहिजे, म्हणून कंपनीने केलेली. त्या खुणेवर सगळं जुळवलं. बोट दोराने पाळीला बांधली, पाण्यात गिअर टाकून पाहिला, सुई थोडी कमीजास्त केली. इंजिन हळू, एकसारखं चालू लागलं. बोट जागची हलली तेवढीच.

अर्धा दिवस लागला. तार बांधायला दोन मिनिटं लागली असतील. एका बाईचा हात त्या दोन मिनिटांपायी मोडला, आणि ज्याच्या हातात मूठ होती त्याला दारुड्या ठरवलं.

अध्यक्षांना इंजिनाचा आवाज आवडला. "झालं ना ठीक? मंग तेच लिवा. 'मी तपासलं, मशीन ठीक आहे.' खोटंबी नाई अन् भानगडबी नाई. तुमच्या वस्तादाचंबी नाव राहते."

माझ्याकडे पाहून त्यांनी डोळा मारला. मला त्यांचा वीट आला, आणि त्याहून जास्त माझा, कारण क्षणभर मला ते वाक्य सोयीचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याला गेलो. काका दुकानात फवाऱ्याचं इंजिन खोलून बसले होते. चहा मागवला. मी तारेचं आणि अपघाताचं काढलं.

"बंद पडत होतं ना बावा. बांधली. फवाऱ्याले नाई का बांधत आपण?"

"फवारा एका जाग्यावर राहते, काका. एकाच रेसवर चालते. बोटीले गिअर आहे."

"अन् तलावाच्या मधात बंद पडली असती तं? तुयं कॉलेज आलं असतं ओढाले?"

"जेट साफ केला असता तं पडली नसती."

"इतली घाण होती त्याच्यात! मासे अन् खवले. हात घालाची इच्छा नाई झाली मले." मग पाना खाली ठेवून ते सहज म्हणाले, "तू लिव ना, मानसाची गलती म्हणून. थो तसाबी पेतेच."

ज्या माणसाने माझ्यासाठी रांग धरली तो हे बोलला. त्यांना त्या बाईचं नाव माहीत नव्हतं, तिच्या हाताचं त्यांनी विचारलंही नाही. मला त्यांच्या चहाचीही किळस आली. तरी मी तो प्यायलो, "बरं काका" म्हणालो आणि उठलो. वीस वर्षांची सवय होती. परतीच्या बसमध्ये जामसावळीच्या मारुतीचं दर्शन घेऊन चढलेल्या एका आजीने प्रसादाचा पेढा हातावर ठेवला. तो मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

घरी आल्यावर मी अहवाल लिहिला. मग फोन हातात घेतला, पण फोनवर मी पुन्हा "बरं काका" म्हणालो असतो. म्हणून पत्र लिहिलं आणि सकाळी पोस्टात टाकलं. ते असं:

"काका, पाया पडतो.

आज तुमच्यासमोर मी 'बरं' म्हणालो. ते खोटं होतं, ते परत घेतो.

अहवालात मी लिहिलं आहे की झडप तारेने बांधलेली होती, मूठ बंद असतानाही इंजिन रेसवर होतं, आणि बोट चालवणाऱ्याची चूक नाही. आधीची दुरुस्ती कोणी केली याचा रकाना होता. त्यात मी तुमचं नाव लिहिलं. रकाना रिकामा सोडला असता तर त्यांनी तिथे बोटवाल्याचंच नाव भरलं असतं. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

घाण होती म्हणून हात घातला नाही, असं तुम्ही म्हणालात. मलाही किळस आली होती. पण आपलं काम त्या घाणीतच आहे, काका. माणसाची गलती लिव, असं तुम्ही म्हणालात, ते मला त्या घाणीपेक्षा वाईट वाटलं.

ती बाई तलावाजवळच्या वस्तीत राहते. चार महिने तिला जड काम जमणार नाही. रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे. तुम्ही याल तर सौसरच्या स्टँडवर दहा वाजता थांबतो. तिथून बोटवाल्याकडेही जाऊ. तो तुम्हाला बोलेल. बोलू द्यावं लागेल.

नाही आलात तरी मी नेहमीसारखा पांढुर्ण्याला येईन. दुकानात बसू द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी बाहेर उभा राहीन.

तुम्हीच शिकायला पाठवलेला"