वानखडे मॅडम आणि वेधशाळेचा साहेब

आयर्लंडमध्ये कुणासाठी दार धरलं, तरी समोरचा माणूस 'ब्रिलियंट!' म्हणतो. वानखडे मॅडमना याची भयंकर चीड होती. डब्लिनजवळच्या डून लेरी गावातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टपाशी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका धिप्पाड आयरिश गृहस्थाला अडवून इंग्रजीत विचारत होत्या, "मी फक्त दार धरलं. यात ब्रिलियंट काय आहे?" तो 'ग्रँड, ग्रँड' म्हणत सटकला. माझ्या पिशवीवर पुण्यातल्या दुकानाचं नाव होतं. ते वाचून त्या माझ्याकडे वळून वऱ्हाडीत म्हणाल्या, "पाय बरं! साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही याईले."

मी त्यांना काकू म्हटलं, तर लगेच मलाही मिळालं. "काकू कायले? मी तुह्या काकाची बायको आहो का?"

तेव्हापासून त्या मॅडमच. अमरावतीच्या कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलेलं. नवरा गेल्यावर मुलगा निखिल त्यांना इकडे घेऊन आला. तो इथल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर. आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी जुने नियम बाजूला ठेवून त्यांना हळदीकुंकवाला नेऊन पाहिलं. तिथे कुणीतरी मंत्रांच्या 'व्हायब्रेशन्स'बद्दल बोललं, आणि मॅडमनी फ्रिक्वेन्सी किती, असं विचारलं. पुन्हा बोलावणं आलं नाही.

गावामागच्या टेकडीवर एक जुनी वेधशाळा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. एक हौशी समिती ती चालवते आणि रविवारी लोकांना दाखवते. मॅडम एकदा पाहायला म्हणून गेल्या आणि माहिती सांगणाऱ्या पोराच्या इतक्या चुका काढल्या, की समितीनं ते काम त्यांच्याच गळ्यात घातलं. रविवारी त्यांना गाडीनं वर नेणं माझ्याकडे आलं.

राणीच्या काळात तिथे जो भौतिकशास्त्रज्ञ संचालक होता, त्याच्याबद्दल मॅडम जे बोलत, ते ऐकायला लोक पुन्हा पुन्हा येत. तरुणपणी त्यानं प्रकाशावर एक निबंध लिहिला. तेवढ्यावर वेधशाळा मिळाली, बंगला मिळाला, 'सर' ही पदवी मिळाली. सगळं विश्व ईथर नावाच्या अदृश्य पदार्थानं भरलेलं आहे आणि प्रकाश त्यातून लाटांसारखा येतो, असं तो मानत होता. पुढे दुसऱ्यांच्या प्रयोगांत ईथर सापडेना. साहेबानं ते प्रयोगच चुकीचे ठरवले. शंका काढणाऱ्या सहायकाला घरी बसवलं. दुर्बिणीपाशी तो जायचा, ते पाहुणे आले की.

"एक अंडं घातलं न् जन्मभर त्याच्यावर बसून रायला," परतताना मॅडम मला सांगत. "पिल्लू काही निघालं नाही. अंडंच नव्हतं ना ते!"

पण त्यांची गोष्ट तिथे संपत नसे. म्हातारपणी साहेबाचा सत्कार झाला. घुमटाखाली सगळी प्रतिष्ठित मंडळी जमलेली. साहेब उठला आणि म्हणाला, 'ईथर नाही. मी आयुष्यभर चुकीचं शिकवलं.' म्हाताऱ्याला भ्रम झाला असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे सांगताना मॅडमचा आवाज हळू होई. मला म्हणत, "एवढं एक काम त्यानं माणसासारखं केलं."

मग घुमटाची दुरुस्ती झाली आणि समितीच्या अध्यक्षांना साहेबाच्या नावाची पाटी बसवायची हुक्की आली. अध्यक्ष म्हणजे जन्मभर घरं विकलेला माणूस. ओल आलेल्या भिंतीला 'खास जुनं सौंदर्य' म्हणणाऱ्यांपैकी. पाटीवर मजकूर ठरला: 'आधुनिक भौतिकशास्त्राची चाहूल सर्वांआधी लागलेला द्रष्टा.'

"सर्वांआधी?" मॅडम बैठकीत म्हणाल्या. "याला तर सर्वांत शेवटी लागली."

अध्यक्ष हसले. "अहो, कुणाचं काय बिघडतंय? लोकांना अभिमान वाटेल."

निखिलनं घरी समजावलं, "आई, आपण इथे पाहुणे आहोत. कशाला वाद?"

"पाहुण्यानं खोटं खपवून घ्यावं, असं कुठं लिहिलं आहे?"

पाटीवरचा पडदा उघडला त्या दिवशी अध्यक्षांनी मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं. गोड बोलतील, असं त्यांना का वाटलं कोण जाणे. मॅडम त्यांच्या वर्गातल्या करड्या इंग्रजीत म्हणाल्या, "या माणसाबद्दल मला फारसा आदर नाही. आळशी होता, गर्विष्ठ होता. एका हुशार सहायकाचं त्यानं वाटोळं केलं. पण इथेच उभं राहून त्यानं स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली. त्याचं मोठं काम तेवढं एकच. आणि तुम्ही नेमकं तेच पुसलंत."

अध्यक्षांनी टाळ्या वाजवत 'ब्रिलियंट!' म्हटलं. पुढच्या रविवारपासून माहिती सांगायला ध्वनिमुद्रण ठेवलं आणि मॅडमना 'विश्रांती' दिली.

पाटीच्या त्या दिवशी आम्ही गाडीनं टेकडी उतरत होतो. खाली समुद्र दिसू लागला तशा मॅडम म्हणाल्या, "त्या बुढ्याले मी लय शिव्या देल्या. पण त्याच्या बाजूनं कोणी तरी बोलायले पायजे होतं ना."

पाटी अजून आहे. मॅडम काही महिन्यांनी अमरावतीला परत गेल्या. निखिलनं खूप अडवलं. "इथं लोक भांडतच नाही, नुसते हसते," एवढंच त्यांनी त्याला सांगितलं. वर्षभरात त्या तिथेच वारल्या.

मंडळानं डब्लिनमधल्या सँट्रीच्या एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली. मंडळाचे अध्यक्ष मॅडमना एकदाच भेटलेले, त्यांच्याच घरी झालेल्या त्या हळदीकुंकवाला. ते गहिवरून म्हणाले, "अत्यंत गोड स्वभाव! कधी कुणाचं मन दुखावलं नाही. साक्षात माउली!"

निखिल मान खाली घालून बसला होता. मी उठले.

"त्या गोड नव्हत्या," मी म्हणाले. "माझं मन त्यांनी दर रविवारी दुखावलं. आणि तरी पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन हजर असायचे, कारण त्या जे बोलायच्या ते खरं असायचं."

निखिल एकदम मोठ्यानं हसला. मग त्याला रडू आवरेना. अध्यक्षांनी घाईघाईनं चहा तयार असल्याचं जाहीर केलं.