पारूबायचे गुडघे

पारूबाय रस्त्याने अशा झपाझप यायच्या, की मी त्यांच्या निम्म्या वयाची असून मला बघूनच धाप लागायची. बसच्या पायरीशी आल्या की मात्र एकदम म्हाताऱ्या व्हायच्या. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. मग गुडघ्याचं कण्हणं, मग पदर सावरणं, मग पिशवीत पासाचा शोध. आत शिरल्या की पुन्हा तुरुतुरु चालत शेवटचं बाकडं गाठायच्या.

मी त्या गाडीची कंडक्टर. राहायला सानपाड्याला, ड्युटी डोंगराकडच्या शेवटच्या गावापासून वाशीपर्यंत. सकाळची ही गाडी चुकली की पुढची थेट दुपारी. पायरीपुरता दुखणारा हा गुडघा मला काही केल्या उलगडेना. शेवटी एक दिवस मागच्या खिडकीतून पाहिलं. शेताच्या बांधावरून काठी टेकत धर्माबाबा येत होते. गावातले सगळ्यात म्हातारे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यासाठी वाशीच्या दवाखान्यात खेपा चालू. ते दाराशी पोचले आणि पारूबायना लगेच पास सापडला.

चोरी पकडल्याच्या आनंदात मी त्यांना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "थांबा म्हनलं म्हनून कोनी गाडी थांबवत नाय, पोरी. चढनाऱ्याला मात्र कोनी ढकलत नाय."

मला त्यांची दया आली आणि जरा मोठेपणाही चढला. आजी, उद्यापासून तुम्ही आत जाऊन बसा, बाबा आल्याशिवाय मी डबल बेल देणार नाही, असं सांगून टाकलं. महिनाभर शब्द पाळलाही. मग तापाने मी दोन दिवस रजेवर गेले. बदली कंडक्टरला हे कळवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याने वेळेवर बेल दिली. पारूबाय माझ्या भरवशावर आत निवांत बसलेल्या. त्या ओरडल्या, पण सुटलेली गाडी मागे कोण घेणार? नेमकी त्या दिवशी बाबांच्या ऑपरेशनची तारीख होती. पुढची दोन महिन्यांनी मिळाली.

परतल्यावर मी माफी मागितली. पारूबाय रागावल्या नाहीत. एक पाय पायरीवर ठेवून पास शोधू लागल्या.

"तू चांगलीच हायस गं," म्हणाल्या, "पन तू रोज नसशील."

मला ते फार लागलं, कारण खरं होतं.

यंदा माझी गाडी बदलली. बाबांचा एक डोळा झालाय, दुसरा बाकी आहे. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी रस्ता, थांबे, वेळा सगळं समजावलं. बांधावरून येणाऱ्या बाबांबद्दल बोलले नाही. एवढंच सांगितलं, "शेवटच्या गावाला एक आजी चढतात. त्यांचे गुडघे फार दुखतात, घाई करू नकोस."