उदाहरणातली ताई

माझी थोरली बहीण काही लेखिका नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि लग्नानंतर तिच्या वाट्याला नवऱ्याबरोबर त्याचा हॅम रेडिओही, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, आला. भाऊजी रोज संध्याकाळी हेडफोन लावून परदेशातल्या अनोळखी माणसांची विचारपूस करायचे. घरातल्या माणसाशी बोलायचं मात्र त्यांच्या जिवावर यायचं. शेवटी ताईनेही परीक्षा देऊन परवाना काढला. "निदान रेडिओवर तरी माझं ऐकतील," असं ती हसत म्हणायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

भाऊजींच्या हॅम क्लबने रेडिओवर कोण कुणाशी बोललं त्या संपर्कांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर बनवलं. नवशिके चुकायचे, घरी फोन करायचे आणि भाऊजी त्यांच्यावर खेकसायचे. ते ऐकवेना म्हणून ताईने वापराची पुस्तिका लिहायला घेतली. प्रत्येक पायरी ती शेजारच्या शिलाईवाल्या बाईंना कॉम्प्युटरसमोर बसवून तपासायची. बाई जिथे अडायच्या तिथे आणखी एक वाक्य घालायची. 'वेळ जागतिक घड्याळाची लिहा, घरच्या घड्याळाची नको.' 'आता पडदा कोरा दिसेल. घाबरू नका.' उदाहरणादाखल पडद्याची चौसष्ट चित्रं टाकली, आणि प्रत्येकात स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर सरकारने दिलेलं रेडिओवरचं तिचं नाव. पुस्तिका छापून आली तेव्हा मुखपृष्ठावर नाव भाऊजींचं होतं. "क्लबचा सचिव मीच ना," ते म्हणाले. ताई गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

ती गेल्यावर चार वर्षांनी, मुदत संपलेला तिचा कॉलसाइन सरकारने दुसऱ्या कुणाला दिला आणि घोळ झाला. नवशिके पुस्तिका समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवतात. उदाहरणातला कॉलसाइन काढून आपला घालायचा असतो, हे कित्येकांच्या ध्यानातच येत नाही. ताई असताना ती एकेकाला प्रेमाने कळवायची. आता या लोकांचे संपर्क त्या नव्या माणसाच्या नावावर जमा व्हायला लागले. त्याने तक्रार केली आणि क्लबने भाऊजींना पुस्तिका सुधारायला सांगितलं.

भाऊजींचा मला फोन आला. "चित्रं बदलायची आहेत. मला तो प्रकार जमत नाही. तीच करायची ना ते."

"मी करून देते," मी म्हटलं. "पण मुखपृष्ठावर ताईचं नाव आलं पाहिजे. लेखिका म्हणून."

"बघू."

"बघू नाही. हो म्हणा."

"बरं बाई, हो."

तीन रविवार मी ताईच्या खुर्चीत बसले. समोर भिंतीवर तिने लावलेली दोन घड्याळं होती, एक जागतिक वेळेचं, एक घरच्या वेळेचं. जागतिक व्यवस्थित चालू होतं. घरचं कधीचं बंद पडलं होतं, त्याचा सेल कुणी बदलला नव्हता. मी एकेक जुनं चित्र काढत होते आणि नवं टाकत होते. नव्या चित्रांतला कॉलसाइन क्लबने ठरवलेला, कुणाचाच नसलेला होता. पहिल्या दहा-बारा चित्रांना डोळे भरून आले, पुढे हात सरावला. त्या सरावाची मला लाज वाटते. भाऊजी मागे उभे राहून 'घाबरू नका' खोडायला सांगत होते. "तांत्रिक पुस्तिकेत हे शोभत नाही," म्हणाले. अकरा ठिकाणी होतं. मुखपृष्ठावर नाव येतंय ना, म्हणून मी तेही मुकाट्याने खोडलं.

महिन्याभराने छापील प्रत आली. मुखपृष्ठावर भाऊजींचं नाव आणि खाली 'सुधारित आवृत्ती'. मी तडक फोन लावला.

"समितीने ठरवलं, मी काय करणार," ते म्हणाले. "पण आभार मानलेत. शेवटचं पान बघ."

पाहिलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचे नावानिशी आभार, छापखानेवाल्याचे नावानिशी आभार. आणि अगदी तळाला एक ओळ: 'घरच्या मंडळींचेही सहकार्य लाभले.'

जुन्या पुस्तिकेत ताई निदान चौसष्ट ठिकाणी होती. तिथून तिला मी माझ्या हाताने काढलं. आता ती या एका ओळीत आहे, आणि तिच्या शेजारी मीही.