सनाचा झटका मोबाईलात धरताना

चंद्रपूरच्या दवाखान्यात निंगालो, आलापल्ली सुटली अन् एष्टीतच माह्या पोरीचा, सनाचा, उजवा हात ताठ झाला. मंग मान फिरली, डोये वर गेले. मी तिले सीटवर कुशीवर निजवलं अन् मोबाईल काढला. घाईत कॅमेरा लागेचना.

"पोट्टी मरून राह्यली अन् तू रील बनवून राह्यली, बाई?" मांगच्या सीटवरचा पोटाड्या भाऊ म्हनला.

कसं सांगू बाप्पा. चंद्रपूरच्या डॉक्टरीनबाईनंच सांगतलं होतं, दोन औषधं चालू असून मिरगी (फेफरं) थांबत नाई, त झटका कोनत्या अंगानं सुरू होते ते मले दाखव, घरच्या कोनाले मोबाईल धराले लाव. घरचं कोन येते? सनाचे अब्बा शिलाई सोडत नाई. सासू म्हनते, तूच औषध चुकवते.

एका बाईनं सनाच्या नाकाले चप्पल लावली. दुसरी दातात चमचा घालाले आली.

"तोंडात काई घालू नका, माय," म्हनून मी तिचा हात झटकला. तेवढ्यात भाऊनं मोबाईलच हिसकला.

झटका आपोआप थांबला, सना झोपली. आष्टीच्या अलीकडं खदानीचे ट्रक लायनीनं उभे, एष्टी हलेना. त्या भाऊले सारं समजावलं, त बिचारा खाली उतरून भजे घेऊन आला अन् मोबाईल देला. व्हिडीओत थोडा सनाचा हात, बाकी त्याचंच पोट. वैनगंगेचा पूल आला तरी मी तोच व्हिडीओ मांगंपुढं करून पाहून राह्यली होती.

चंद्रपूरले डॉक्टरीनबाईले ते पोट पाहून हसू आलं. मंग तिनं इचारलं, जन्मल्यावर लगेच रडली का, पहिला झटका कवा आला. मी म्हनलं, रडली नाई, निळी पडली होती, अन् झटका दात निंगाच्या आधीच आला. बोलालेही उशिराच लागली.

"अशा लेकराची मिरगी कधी कधी औषधाले ऐकत नाई. तू काई चुकवलं नाई."

"हे माह्या सासूले सांगा न, म्याडम."

पन पूर्ण झटका पाह्यल्याबिगर औषध बदलवनार नाई म्हने, नाईतर नागपूरले भरती करून, डोक्याले तारा लावून तिथंच झटका पाहा लागन.

परतीच्या एष्टीत बसलो. गोंडपिपरीच्या पुढं सागाचं रान लागलं. सनाची बोटं माह्या ओढनीत होती, तेच ताठ व्हाले लागले. आजूबाजूले साऱ्या नव्या लोकाइनं माना वळवल्या, कोनी चप्पलही काढली. माह्या एका हातात पोरगी, दुसऱ्यात मोबाईल.

तुमी असते त कोनता हात सोडला असता?