कात्रीआत्याच्या टाचण्या

सगळी गल्ली तिला कात्रीआत्या म्हणायची. जिन्याखालच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान, त्यावरून नाव पडलं, असं ती सांगे. गल्ली मात्र तिच्या जिभेकडे बोट दाखवी. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला "कंबर सैल करू, की उद्यापासून जिना चढताय?" असं तोंडावर विचारणारी बाई ती! काम करताना ओठांत टाचण्या धरायची, तेवढीच काय ती शांतता. शेजारचा चावीवाला म्हणायचा, "टाचण्यांचा कारखाना बंद पडला, तर आपलं काही खरं नाही."

तर या आत्याचा भाचा नगरसेवकपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. पोरगा देखणा, आवाज खणखणीत, डोक्यात मात्र वारा. कोटाची बाही आखूड करून घ्यायच्या निमित्ताने तो सारखा दुकानात येई. एवढी बाही कुठून वाढत होती, देव जाणे. खरं काम वेगळंच असे. "आत्या, एखादा झणझणीत टोमणा दे ना!" आणि आत्याही हरखून देई. त्याच्या विरोधात होती दातांची एक डॉक्टरीण. कामाची, पण बोलायला लागली की ऐकणाऱ्याला जांभई. पालिकेत सत्ता तिच्याच पक्षाची, म्हणून त्या पक्षासाठी आत्याने ठेवणीतला माल काढला: "यांचा कारभार म्हणजे शिवायला टाकलेली विजार. कधीही विचारा, उत्तर एकच, उद्या!"

पण आत्याचीही एक नड होती. पुलापलीकडे तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. तिकडे जाणारी थेट बस बंद झालेली, आणि दोन-दोन गाड्या बदलायला आत्याचे गुडघे राजी नव्हते. बहिणी फोनवर भांडत, नाही असं नाही; पण समोरासमोर बसून भांडण्याची चव फोनला कुठली!

शाळेच्या सभागृहात दोन्ही उमेदवारांना समोरासमोर बसवलं, तेव्हा लोकांच्या प्रश्नांत आत्या पुढची खुर्ची धरून उठली. "पुलापलीकडची बस परत कधी सुरू होणार?"

भाच्याने माइक ओढला. "बस? अहो, यांचा कारभार म्हणजे शिवायला टाकलेली विजार! कधीही विचारा, उत्तर एकच, उद्या!"

सभागृहात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसली ती आत्याच. आपलाच माल तो! मग डॉक्टरीणबाई सांगू लागल्या, पुलाला मोठ्या बसचं वजन पेलत नाही, लहान बस चालेल, पण त्यासाठी आधी... आणि टण्‌कन घंटा वाजली. वेळ संपली.

बाहेर जो तो मोबाइलवर त्या विजारीचाच व्हिडिओ बघत होता. आत्या गुडघे चोळत बंद पडलेल्या बसथांब्याच्या बाकावर टेकली, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. टोमणा आपला, टाळ्या भाच्याला. आणि बस?

दुसऱ्या दिवशी भाचा शेवटच्या सभेसाठी घेतलेली लांब पँट घालून हजर. आत्याने त्याला स्टुलावर चढवलं आणि पँटच्या एका पायाला खाली गोलाकार टाचण्या लावल्या.

"आत्या, काल नुसती धमाल! आता त्याहून जहाल काहीतरी दे."

"बस कधी सुरू होणार?" एवढं विचारून आत्याने उरलेल्या टाचण्या ओठांत धरल्या.

"अगं, डॉक्टरीणबाईंना दात काढता येतात, बस नाही!"

आत्याने मान हलवली. नाही.

त्याने दुसरा सोडला, तिसरा सोडला. मान हलतेच आहे. चिडून उतरायला गेला, तर पोटरीत टाचणी. "आई गं!" फुकटचा तमाशा बघायला चावीवाला दारात येऊन उभा.

शेवटी भाचा पडेल आवाजात म्हणाला, "मला माहीत नाही गं."

आत्याने ओठांतल्या टाचण्या काढल्या. "आता कसं माणसासारखं बोललास! मग विचार की कुणाला. खिशात फोन आहे ना?"

स्टुलावरूनच बस आगाराला फोन लागला. लहान बस होती, पण बाजाराच्या मार्गावरची काढून पुलाकडे वळवावी लागणार होती.

भाचा रडकुंडीला आला. "आत्या, हे सांगितलं तर बाजारवाले माझ्या नावाने शंख करतील. समजावेपर्यंत घंटा वाजेल. एक टाळी पडायची नाही!"

"पडेल. तुझी धाकटी आत्या वाजवेल. पाय गेलेत तिचे, हात शाबूत आहेत." आत्याने पुन्हा टाचण्या ओठांत धरल्या आणि खूण केली, दुसरा पाय पुढे कर.