इंदूची टाटपट्टी

शेजाऱ्यांनी आज अंगणात जुनी पोती जाळली. तागाचा तो करपट वास नाकात शिरला आणि माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षांनंतरही फिरतं.

पवनीकडच्या एका खेड्यात मी सातवीला मराठी शिकवत होते. धडा होता आजारी मित्राच्या उशाशी बसून राहणाऱ्या मुलाचा. "मित्र आजारी पडला तर काय करावं?" मी विचारलं. "त्याची सेवा करावी," वर्ग एका सुरात म्हणाला. तेवढ्यात खिडकीतून धूर आत आला. पटांगणात हेडमास्तर उभे होते आणि शिपायाकडून इंदूची बसायची तागाची टाटपट्टी जाळून घेत होते.

माझ्या वर्गातल्या इंदूला टीबी झाला होता. औषधाने ती बरी होत आली होती, भंडाऱ्याच्या डॉक्टरांनीच तिला शाळेत जा म्हणून सांगितलं होतं. तरी या माणसाने सकाळी तिला फाटकातूनच परत पाठवलं.

मी बाहेर जाऊन भांडले. "बाई, तुम्ही आधी धडा संपवा," ते शांतपणे म्हणाले. तो शांतपणा मला अजून जाळतो.

इंदूची मैत्रीण शेवंता माझ्या मागोमाग आली होती. "गुरुजी, त्या पट्टीवर तिच्यासंगं मी बी बसत होती. मले काहून नाही हाकललं?"

शेवंताने वर्गातून दप्तर उचललं आणि सरळ इंदूच्या घराची वाट धरली.

अख्ख्या वर्गात धडा तिला एकटीला कळला होता. हेडमास्तरांनी तिची गैरहजेरी मांडली.